उंबऱ्यावरची खडूची रेघ

वैष्णवीला नीट ऐकू येत नव्हतं, आणि मी तिची गोष्ट शिक्षकांना एकाग्रतेचा नमुना म्हणून सांगत होतो. हे आधीच सांगून टाकतो. शेवटापर्यंत राखून ठेवलं तर वाटेत मी स्वतःसाठी कुठली तरी पळवाट काढीन. तेवढी माझी मला ओळख आहे.

यंदा पुन्हा पावसानं ओढ दिली आहे. सकाळी ढग येतात, दुपारपर्यंत डोंगरावर म्हशींसारखे बसून राहतात, आणि संध्याकाळी कुणी हाकलल्यासारखे जालन्याच्या बाजूला निघून जातात. अंगणातल्या जास्वंदीची पानं दुमडली आहेत. नळाला पाणी यायचा दिवस पुढं पुढं सरकतो आहे, आणि गल्लीत टँकर येऊ लागले आहेत. टँकर मागं घेताना एक केकाटणारी धून वाजते. ती वाजू लागली की मी उठून दार लावतो.

"पाणी घ्यायचंय का नाही आपल्याला?" बायको विचारते. "टँकर आला की दार लावणारे तुम्हीच बघितले."

बादल्या घेऊन तीच खाली जाते.

ते वर्षही असंच होतं. आषाढ होता, आणि त्यात पाऊस सोडून बाकी सगळं होतं. काळोखी, उकाडा, मातीचा वास घेऊन येणारा वारा आणि दूरवरचा गुरगुराट. माणसं दर तासाला आभाळाकडं बघायची आणि मग एकमेकांकडं बघणं टाळायची.

शाळा सुरू होण्याआधी आणि नंतरही, मी औरंगपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिक्षकांना प्रशिक्षण देत असे. खाली वह्या-पुस्तकांची दुकानं, रिक्षांचा गोंगाट. वर पाणी संपलेला कूलर आणि चाळीसेक शिक्षक. गणित, परिसर अभ्यास, विज्ञान हे विषय इंग्रजीतून शिकवायचे आणि ते शिकवता शिकवता इंग्रजीही शिकवायची, असं ते काम. मुलाला भाषेच्या पाण्यात सोडलं की ते आपोआप हातपाय मारायला शिकतं, ही त्यामागची समजूत. ती समजूत सगळी खोटी नाही, हेही इथंच सांगतो. मी मुलं शिकताना पाहिली आहेत. पण मी ती सांगायचो एखाद्या नव्या धर्मात आलेल्या माणसासारखी.

गंगापूरकडचे एक वयस्क गुरुजी होते. पहिल्याच दिवशी त्यांनी हात वर केला. "सर, पोरगं पान्यात सोडायचं, हे पटलं. पन काठावर कोन उभं ऱ्हाणार?"

खोली हसली. मी म्हणालो, "काठच ठेवायचा नाही, गुरुजी." खोली आणखी हसली. हशा मिळाला की मला मोठं झाल्यासारखं वाटे.

खोलीच्या उंबऱ्यावर मी खडूनं एक रेघ मारायचो. ती माझी स्वतःची कल्पना, कुठल्या पुस्तकातली नव्हे. रेघेच्या आत मराठी नाही. अगदीच अडलं तर बाहेर जाऊन बोला आणि परत या. शिक्षकांना हे फार आवडायचं. प्रशिक्षण संपवून जाताना रेघेचे फोटो काढायचे. मी सांगायचो, वर्गातही अशीच रेघ मारा. मूल मराठीत काही म्हणालं, तर चेहरा हलू देऊ नका. कळलंच नाही असं दाखवा. शब्दाऐवजी हात वापरा, चित्रं वापरा, वस्तू वापरा. आणि मूल गप्प बसलं तर घाबरू नका. नव्या भाषेत शिरताना काही मुलं महिनोन् महिने गप्प राहतात. तो मौनाचा काळ असतो, तो मोडू नका.

सुजाता साळवे पहिल्या रांगेत बसायच्या. वय तिशीच्या आतलं, उस्मानपुऱ्यात राहायच्या, आणि शेंद्र्याकडच्या एका नव्या इंग्रजी शाळेत पहिलीला शिकवायच्या. त्या शाळेत निम्मी मुलं कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांची आणि निम्मी शेतावर जाणाऱ्यांची. चहाच्या सुट्टीत एकदा त्या म्हणाल्या, "सर, माझे वडील म्हणायचे, आपल्या वस्तीतून बाहेर पडायला दोनच दारं. एक शिक्षण आणि दुसरं इंग्रजी. पहिल्या दारातून मी गेले. दुसऱ्यात अजून अडकलेय."

त्या माझा प्रत्येक शब्द मनावर घेत होत्या. ज्याला दार हवं असतं, तो दाराचे नियम मोडत नाही. माझ्या घरी आजोबांपासून कारकुनी, कचेरी, इंग्रजी अर्ज. मला इंग्रजीत काही अडलं तर रात्री जेवताना वडिलांना मराठीत विचारता यायचं. माझ्यासाठी कुणी कधी रेघ मारली नव्हती. काठ माझ्या घरातच होता, आणि मी दुसऱ्यांच्या मुलांना सांगत होतो, काठ ठेवायचा नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. आता रोज सुचतं.

आषाढ संपता संपता मी सुजाता मॅडमचा वर्ग बघायला गेलो. जालना रोडवर धूळ आडवी उडत होती. शाळेच्या मागच्या आवारात टँकर उभा होता आणि टाकीत पाणी पडल्याचा घुमणारा आवाज येत होता. आभाळ इतकं खाली आलं होतं की वर्गात दिवे लावावे लागले. दाराशी रेघ होती. पांढरी, सरळ, माझ्यापेक्षा नीट मारलेली. तिला कुणाचा पाय लागलेला दिसत नव्हता.

पाठ होता तरंगणाऱ्या आणि बुडणाऱ्या वस्तूंचा. टँकरच्या पाण्यानं अर्धी भरलेली बादली, शेजारी टोपण, खडा, पान, खिळा, चिंचोका. सुजाता मॅडम एकेक वस्तू वर धरायच्या, इंग्रजीत विचारायच्या, आणि मुलं तरंगेल म्हणायचं असेल तर तळवा वर उचलायची, बुडेल म्हणायचं असेल तर खाली न्यायची. सगळा वर्ग एका सुरात 'फ्लोट' किंवा 'सिंक' असं ओरडायचा. सुंदर पाठ होता. मी आजही तो शिक्षकांना करून दाखवीन, इतका सुंदर.

खिडकीपासून दूर, दुसऱ्या बाकावर एक मुलगी होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, एका कानात कापसाचा बोळा. तिचा हात सगळ्यांबरोबर वर जायचा, खाली यायचा. सगळ्यांबरोबर म्हणजे, सगळ्यांच्या किंचित मागून. ओठही हलायचे. मी शेरा लिहिला, सहभाग उत्तम.

मग आभाळ गुरगुरलं. कडाडणं नव्हे, एखादं जड कपाट दुसऱ्या खोलीत कुणी ओढत न्यावं, तसा लांबलेला आवाज. सगळा वर्ग खिडकीकडं धावला. "पाऊस! पाऊस! ए, पानी आलं!" रेघेच्या आत मराठीचा नुसता पूर. मॅडम ओठांवर बोट ठेवून रेघेकडं खूण करत होत्या. आणि ती मुलगी जागेवरच. बादलीतलं टोपण हळूहळू फिरत होतं, त्याकडं बघत ती बसली होती. बऱ्याच वेळानं तिनं मान वर केली, वर्ग रिकामा दिसला तशी दचकली, आणि धावत जाऊन सगळ्यांच्या मागं उभी राहिली.

पाऊस आला नाही. तो गुरगुराट तेवढा शेतांवरून फिरत राहिला.

मधल्या सुट्टीत मी म्हणालो, "मॅडम, ती मुलगी पाहिलीत? आभाळ गरजलं तरी हलली नाही. याला म्हणतात रमणं."

त्यांनी डबा उघडला नव्हता. "वैष्णवी. सर, मला तिचीच शंका विचारायची होती. मला ती वेगळी वाटते."

"वेगळी म्हणजे?"

"ती माझ्या तोंडाकडं बघते. मी फळ्याकडं वळले की तिचं सगळं थांबतं. आणि तिची आई आली होती परवा. रेघेच्या बाहेर उभी राहून म्हणाली, घरीबी गप झालीया, हाक मारली तरी ओ देत नाय. कान वाहतो म्हणाली, तेल घालते म्हणाली."

"पावसाळ्यात पोरांचे कान वाहतातच."

"पाऊस कुठंय सर?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"मी काय म्हणते," त्या हळू आवाजात म्हणाल्या, जणू काही चोरी करायची परवानगी मागत होत्या, "एकदा तिला रेघेबाहेर नेऊ का? मराठीत बोलून बघते. मागं उभं राहून, हळूच. एकदाच."

खिडकीतून ढग दिसत होते, काळे, न हलणारे. मी घड्याळ पाहिलं. मला परत शहरात जायचं होतं. मी म्हणालो, "मॅडम, हा मौनाचा काळ आहे. घरीसुद्धा गप्प होतात मुलं. दोन भाषा आत जागा करत असतात. एकदा रेघ ओलांडलीत ना, की रोज ओलांडाल."

त्यांनी न उघडलेला डबा पिशवीत ठेवला. मग म्हणाल्या, "बरं सर."

त्या दोन शब्दांचा आवाज अजून माझ्या कानात आहे. माझ्या कानांना काही झालेलं नाही.

नंतर मला जे कळलं ते असं. आमच्या चांगल्या शिकवण्यानंच ती मुलगी झाकली गेली. हातवारे होते, म्हणून तिला ऐकावं लागलं नाही. चित्रं होती, म्हणून विचारावं लागलं नाही. सगळे एका सुरात बोलत होते, म्हणून तिचा सूर कुणाला वेगळा ऐकू आला नाही. आणि तिच्या घरची भाषा वर्गाबाहेर ठेवली होती, म्हणून एक साधी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. तिला नुसती इंग्रजी कळत नव्हती असं नाही. तिच्यापर्यंत मराठीही पोचत नव्हती. जुन्या, कंटाळवाण्या, ओरडणाऱ्या वर्गात ती आठवड्याभरात सापडली असती. एखादे मास्तर खेकसले असते, "काय गं, बहिरी हायेस का?" आणि दुर्दैवानं त्यांचं खरं निघालं असतं.

त्या पावसाळ्यात मी तिची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षणात सांगितली. आवाज खाली आणून, हातानं ढग दाखवत. "आभाळ गरजलं. सगळा वर्ग उठला. एक मुलगी उठली नाही." इथं मी थांबायचो. शिक्षक वहीत लिहून घ्यायचे.

दिवाळीनंतर, मधल्या सुट्टीत, शाळेच्या आवारात टँकर मागं येत होता. ती धून वाजत होती. मुलं सवयीनं बाजूला झाली. वैष्णवी टाकीजवळ उकिडवी बसून सांडलेले चिंचोके वेचत होती. पाठ टँकरकडं. मुलं ओरडली, शिपाई ओरडला. ड्रायव्हरला आरशात ती दिसली नाही, पण मुलांची पळापळ दिसली आणि त्यानं ब्रेक दाबला. तरी धक्का बसलाच. हात कोपरापासून मोडला. एवढ्यावर भागलं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

दवाखान्यात प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी मागून तिचं नाव विचारलं, दोनदा विचारलं. मग तिच्या आईकडं वळून म्हणाले, "हाताचं बरं होईल. कानाचं कधीपासून आहे?"

शाळेनं बैठक बोलावली. मलाही बोलावलं. मुख्याध्यापकांच्या खोलीत चहा आला. बाहेर ऊन होतं, पण मला त्या खोलीत सारखं ढग भरल्यासारखं वाटत होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, जूनपासून पोरगी तुमच्यासमोर बसते. तिला ऐकू येत नाही हे तुम्हाला कळलं नाही?"

सुजाता मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. त्यात तक्रार नव्हती. नुसतं थांबणं होतं, मी बोलेन म्हणून.

आणि मी बोललो. म्हणालो, "तंत्र आपल्या जागी असतं. पण निरीक्षण हे शेवटी शिक्षकाचंच काम आहे."

त्यांनी मान खाली घातली. चहा तसाच राहिला. महिन्याच्या आत त्यांनी ती शाळा सोडली. जाण्याआधी वैष्णवीच्या आईनं फाटकाशी त्यांना गाठून नाही नाही ते ऐकवलं, हेही मला नंतर कळलं. त्यांनी माझं नाव तेव्हाही घेतलं नाही.

यापेक्षा वाईट अजून एक आहे. पुढच्या महिन्यात एका प्रशिक्षणात बोलता बोलता माझा आवाज खाली आला, हात वर गेला, आणि मी ऐकलं की मी सांगतो आहे, "आभाळ गरजलं. सगळा वर्ग उठला." मला सगळं माहीत होतं. तरी तोंड थांबलं नाही. गोष्ट पूर्ण झाली. माना डोलल्या.

त्यानंतर मी ती सांगणं सोडलं. रेघही सोडली. आता मी शिक्षकांना सांगतो, पहिला आठवडा मुलाच्या घरच्या भाषेत घालवा. एकेकाला जवळ घ्या, मागं उभं राहून हळूच विचारा, काय जेवलास, कुणाशी भांडलीस. इंग्रजी कुठं पळून जात नाही. काही जण म्हणतात, सर मवाळ झाले. पण नियम बदलणं म्हणजे माफी मागणं नव्हे. मी वर्षानुवर्षं या दोन गोष्टींची गल्लत सोयीनं करत आलो.

या आषाढात त्याच दुसऱ्या मजल्यावर प्रशिक्षण होतं. बाहेर गुरगुरत होतं. एक नवीन, उत्साही शिक्षिका उठली आणि म्हणाली, "सर, आमच्या शाळेतल्या सीनियर मॅडम एक खरी गोष्ट सांगतात. इकडच्याच एका शाळेत म्हणे आभाळ गरजलं, सगळी मुलं उठली, पण एक मुलगी उठलीच नाही. इतकी ती भाषेत रमली होती!"

बाकीच्यांनी कौतुकानं पाहिलं. दोघातिघांनी पेन उचललं.

मी सोडून दिलेली गोष्ट चालत राहिली होती. ती माझ्याशिवाय गावोगाव फिरत होती, आणि प्रत्येक ठिकाणी कुणी तरी गप्प पोराकडं बघून म्हणत असेल, रमलंय. मी म्हणालो, "ती मुलगी रमली नव्हती. तिला ऐकू येत नव्हतं. ही गोष्ट पहिल्यांदा मीच सांगितली, चुकीची सांगितली. जिथं ऐकलीत तिथं जाऊन हे सांगा." कूलरची घरघर तेवढी चालू राहिली. पेनं खाली गेली की लिहू लागली, ते मी पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी मी सुजाता मॅडमना फोन केला. नंबर माझ्याकडं इतकी वर्षं होता. त्यांनी फार ऐकून घेतलं नाही. "रविवारी सकाळी या," म्हणाल्या. "त्या दिवशी वैष्णवीपण असते. तिची आईच घेऊन येते शिकवणीला."

उस्मानपुऱ्यात त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत शिकवणी चालते. दारावर बाबासाहेबांची तसबीर, भिंतीवर इंग्रजी-मराठी दोन्हीत लिहिलेले तक्ते. मी उंबऱ्याशी घुटमळलो.

"या सर," त्या आतून म्हणाल्या. "रेघ नाही इथं. चप्पल तेवढी बाहेर काढा."

मी चप्पल काढली, आत आलो. बसलो. म्हणालो, "मॅडम, त्या बैठकीत मी खोटं बोललो. तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी तुम्हाला अडवलं. माझं चुकलं. मला माफ करा."

त्या खडूची भुकटी हातावरून झटकत राहिल्या. "मला वाटायचं, तुम्ही विसरला असाल. विसरला असता तर बरं झालं असतं. राग धरायला सोपं." मग म्हणाल्या, "पण चूक माझीपण आहे सर. रेघ तुमची होती. पाय तर माझेच होते ना?"

"तुम्ही परवानगी मागितली होती."

"तेच तर. मागायला नको होती."

वैष्णवीची आई कोपऱ्यात लेकीचं दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "हे कोन?"

मी सांगितलं. मीच टीचरना थांबवलं होतं, तपासू नका म्हणालो होतो. ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग माझ्याशी न बोलता सुजाता मॅडमकडं वळली. "आन् म्या तुमाला फाटकावर लई बोलले व्हते, बाई. तवा तुमी का नाय सांगितलं?"

"सांगून तिचा कान आला असता का?"

आई पदरानं डोळे पुसून म्हणाली, "डाक्टर म्हनले व्हते, थोडं आधी आनली असती तर." पुढं ती काही म्हणाली नाही. मला वाटलं होतं ती ओरडेल. मी त्याची तयारी करून आलो होतो. या गप्पपणाची केली नव्हती.

वैष्णवी खिडकीपाशी बसून लिहीत होती. आता उंच झाली आहे. एका कानाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याला यंत्र आहे. बोलताना काही शब्दांची टोकं गळून पडतात. मी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बाळ, मी..." तिनं मान वर केली नाही.

"सर," सुजाता मॅडम म्हणाल्या, "समोर या. उजेडाकडं तोंड करा. हळू बोला, पण ओरडू नका."

मी पुढं झालो, जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसलो. खिडकीतला उजेड माझ्या तोंडावर आला. बाहेर आभाळ भरलेलं होतं. तिनं पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्या ओठांकडं बघू लागली, अगदी तशीच, जशी त्या दिवशी टोपणाकडं बघत होती. दूर कुठं तरी गुरगुरलं. तिनं खिडकीकडं पाहिलं, मग परत माझ्याकडं.

मी म्हणालो, "तुला ऐकू येत नव्हतं. तुझ्या टीचरना ते कळलं होतं. मी त्यांना थांबवलं. मला माफ कर."

माझा आवाज मधेच फुटला होता. तिच्या कपाळावर आठी आली. यंत्राला बोट लावून तिनं ते सारखं केलं, आणि जरा पुढं सरकून म्हणाली, "कळलं नाय. परत सांगा."

मी परत सांगितलं.